वाचकांचे प्रश्न : बेलमाँट शेठनं पार्टी विकत घेतली होती का?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या निवडणुकांच्या पैशावर लिहिताना ऑगस्ट बेलमाँट हे नाव एका वाक्यात येऊन गेलं होतं, की १८६० ते १८७२ अशी बारा वर्षं डेमोक्रॅटिक पार्टीच्या नॅशनल कमिटीचा चेअरमन हा जर्मनीतून आलेला एक बँकर होता. तेवढ्यावरून इतकी पत्रं आणि मेल आलेत की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. प्रश्न थोडे आटोपशीर केलेत, काही एकत्र केलेत.

सर, हा बेलमाँट नक्की कोण? बँकर की पुढारी? आमच्या बी.ए.च्या पुस्तकात लिंकन आहे, डग्लस आहे, याचं नावच नाही. (विद्यार्थी, सांगली)

आधी बँकर, मग पुढारी, आणि शेवटपर्यंत दोन्ही. पुस्तकात नाव नाही कारण तो स्वतः कधी मोठ्या पदासाठी मतं मागायला उभा राहिला नाही, आणि चेअरमन असताना ज्यांच्यासाठी पैसे उभे केले ते राष्ट्राध्यक्षपदाचे सगळे उमेदवार हरले. हरलेल्या बाजूला क्रमिक पुस्तकात जागा कमीच मिळते.

जन्म ८ डिसेंबर १८१३, जर्मनीच्या ऱ्हाइन पट्ट्यातलं आल्झाय नावाचं गाव, ज्यू कुटुंब. आई लहानपणीच गेली म्हणून पोराला फ्रँकफर्टला नातेवाईकांकडे पाठवलं, आणि तिथं पंधराएक वर्षांचा असताना तो रॉथ्सचाइल्ड या युरोपातल्या बड्या बँकर घराण्याच्या पेढीत लागला. लागला म्हणजे झाडलोट करायला, फर्निचर पुसायला. तिथून तो विश्वासातला कारकून झाला, भाषा शिकला, इटलीत पेढीची कामं करून आला. १८३७ मध्ये मालकांनी त्याला क्यूबाला, हवानाला पाठवलं, कारण क्यूबा स्पेनची वसाहत, स्पेनमध्ये यादवी चालू होती आणि तिथल्या गुंतवणुकीची त्यांना काळजी होती. वाटेत बोट न्यूयॉर्कला लागली ती मे महिन्यात, आणि त्याच महिन्यात अमेरिकेत बँकांचं दिवाळं वाजलेलं. न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोनंचांदी देणं थांबवलं होतं, रॉथ्सचाइल्डचा तिथला एजंटही बुडालेला. आता इथं बघा या माणसाची तडफ. युरोपात पत्र जाऊन उत्तर यायला कित्येक आठवडे, तेवढा वेळ कोणाला आहे, म्हणून त्यानं हवानाचा प्रवासच सोडून दिला, वॉल स्ट्रीटवर जागा भाड्यानं घेतली, "ऑगस्ट बेलमाँट अँड कंपनी" अशी पाटी लावली आणि मग मालकांना कळवलं की मी इथंच थांबलोय. वय २३. मालक वैतागले, पण काम तर त्याच्याकडेच द्यावं लागलं. भाव पडलेले असताना घेतलेल्या कागदांवर आणि युरोपातल्या नावाच्या जोरावर काही वर्षांतच तो न्यूयॉर्कच्या बड्या धनिकांमध्ये जाऊन बसला.

१८४१ मध्ये एका द्वंद्वयुद्धात मांडीत गोळी लागली, तेव्हापासून जन्मभर लंगडत चालायचा. १८४४ ला अमेरिकेचा नागरिक. १८४९ ला लग्न केलं कॅरोलाइन पेरीशी, म्हणजे पुढे ज्यानं जपानची दारं उघडायला लावली त्या कमोडोर मॅथ्यू पेरीच्या मुलीशी. या लग्नामुळे राजकारणाचा रस्ता मोकळा झाला, तो कसा ते पुढच्या एका उत्तरात.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. रॉथ्सचाइल्डनी अमेरिकेतली एक अख्खी पार्टी विकत घेतली, बेलमाँट हे त्यांचं प्यादं, आणि सिव्हिल वॉरही त्यांनीच पेटवलं म्हणे. यात किती खरं? (गृहिणी, डोंबिवली)

ताई, बरं झालं विचारलंत, हा फॉरवर्ड माझ्याकडेही तीन-चार ठिकाणांहून आलाय. यातली एक गोष्ट खरी आहे, बेलमाँट रॉथ्सचाइल्डचा अमेरिकेतला एजंट होता आणि त्याच्या श्रीमंतीचा पाया तिथंच आहे. बाकीचं खोटं आहे, आणि कशावरून खोटं तेही सांगतो, म्हणजे तुम्हाला ग्रुपवर सांगता येईल.

एक तर मालकांचा या एजंटवर पूर्ण विश्वास कधीच नव्हता. १८४८-४९ मध्ये पॅरिसच्या शाखेतला आल्फोन्स रॉथ्सचाइल्ड खास न्यूयॉर्कला येऊन राहून गेला, घरातलाच माणूस इथं बसवावा का हे बघायला. त्याचं मत पडलं की बसवावा, पण घरच्यांनी ते केलं नाही आणि बेलमाँटच चालू राहिला. दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, १८६१ मध्ये दक्षिणेकडची गुलामगिरीवाली राज्यं देशातून फुटली आणि युद्धाला तोंड फुटलं, तेव्हा याच घराण्यातला सॅलोमन नावाचा तरुण अमेरिकेत फिरत होता. एप्रिल १८६१ मध्ये तो न्यू ऑर्लीन्सहून घरी लिहितोय की आपलं वजन वापरा आणि दक्षिणेला मान्यता मिळवून द्या. आणि त्याच वर्षी बेलमाँट लंडन-पॅरिसला जाऊन बरोब्बर उलटं सांगत होता, की दक्षिणेला मान्यता देऊ नका, एक पैसा कर्ज देऊ नका. घरातला पोरगा एक म्हणतोय, एजंट त्याच्या विरुद्ध म्हणतोय, तर मग दोरी नक्की कोणाच्या हातात होती? १८६३ मध्ये दक्षिणेला युरोपात जे मोठं कर्ज मिळालं, तीस लाख पौंडांचं, ते उभं केलं पॅरिसच्या एर्लांजे पेढीनं. रॉथ्सचाइल्ड त्यात नव्हते.

मग ही अफवा आली कुठून? ती काय सोशल मीडियानं जन्माला घातलेली नाही, १८६४ च्या निवडणुकीतली आहे. डेमोक्रॅट्सना युद्ध थांबवायचंय कारण त्यांचा चेअरमन आणि त्याचे युरोपातले ज्यू मालक यांनी दक्षिणेचे बाँड घेऊन ठेवलेत, असा प्रचार तेव्हा विरोधी वर्तमानपत्रांतून आणि सभांतून झाला. पुरावा काहीच नव्हता. एक धागा मात्र विरोधकांच्या हाती आयता होता, बेलमाँटच्या बायकोचा मामा जॉन स्लायडेल हा दक्षिणेच्या सरकारचा पॅरिसमधला प्रतिनिधी होता आणि त्याच स्लायडेलच्या मुलीचं लग्न १८६४ मध्ये एर्लांजेच्या घरात झालं. नातं खरं, बाँडची गोष्ट खोटी, आणि नात्यावरून बाँड जोडून दिले. बेलमाँटच्या राजकारणावर टीका करण्यासारखं भरपूर आहे, मी खाली केलीही आहे, पण माणसाचा धर्म आणि जन्मगाव दाखवून त्याला देशद्रोही ठरवायचं हे तेव्हाही घाणेरडं होतं आणि आज तोच मजकूर मराठीत करून पुढे ढकलणं तितकंच घाणेरडं आहे. ताई, तुमच्या ग्रुपवर हे जरूर टाका.

परदेशात जन्मलेला माणूस पार्टीचा प्रमुख कसा होऊ शकला? कायद्याला चालायचं? आणि हा चेअरमन म्हणजे आपल्याकडच्या पक्षाध्यक्षासारखा का? (निवृत्त शिक्षक, नागपूर)

गुरुजी, कायद्याची अडचण नव्हती. जन्मानं अमेरिकन असण्याची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या दोनच पदांना आहे. बेलमाँटच्याच काळातला दुसरा जर्मन कार्ल शुर्झ, हा समोरच्या रिपब्लिकन बाजूला होता, तो तर मिसुरीचा सिनेटर झाला आणि पुढे केंद्रात मंत्री. तेव्हा जर्मन मतं लाखांनी होती आणि दोन्ही पार्ट्यांना ती हवी होती.

आता चेअरमन. आपल्याकडच्या अध्यक्षासारखा तो मुळीच नव्हता, तिकीट वाटायची पॉवर त्याच्याकडे नव्हती. तेव्हाची अमेरिकन पार्टी म्हणजे लग्नाचा मांडव, चार वर्षांनी अधिवेशन आलं की उभा करायचा आणि निवडणूक झाली की सोडून ठेवायचा. खरी पार्टी राज्याराज्यात, शहराशहरात असायची, न्यूयॉर्कला टॅमनी हॉल ही डेमोक्रॅट्सची शहरातली संघटना होती तशी. मधल्या काळात कोणीतरी धागा धरून ठेवावा म्हणून १८४८ मध्ये ही नॅशनल कमिटी काढली, आणि तिचं काम काय तर अधिवेशनाची जागा-तारीख ठरवायची, पत्रकं छापायची, आणि पैसे गोळा करायचे.

या पैशाचंच खरं दुखणं होतं. जी पार्टी सत्तेत, तिच्या हातात पोस्टखातं आणि कस्टम हाउसच्या नोकऱ्या, आणि या नोकरांच्या पगारातून पार्टीसाठी ठरावीक टक्के कापून घ्यायची सर्रास पद्धत होती. म्हणजे सत्तेतल्या पार्टीची वर्गणी आपोआप जमा. १८६१ ला डेमोक्रॅट्सची सत्ता गेली आणि हा नळ बंद झाला, तो चोवीस वर्षं बंद राहिला. मग उरतात कोण, तर ज्यांच्या स्वतःच्या खिशात पैसे आहेत असे लोक. वॉल स्ट्रीटचा बँकर चेअरमन झाला आणि बारा वर्षं टिकला त्यामागचं गणित हे आहे. गुप्त कट वगैरे शोधायची गरज नाही.

तिथवर तो पोचला स्लायडेल मामांचं बोट धरून. स्लायडेल लुइझियानाचा वजनदार पुढारी, त्यानं १८५२ मध्ये जावयाला जेम्स ब्युकॅननच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी कामाला लावलं. उमेदवारी मिळाली फ्रँकलिन पीअर्सला, बेलमाँटनं मग त्याच्यासाठी पैसे ओतले, आणि होरेस ग्रीलीच्या न्यूयॉर्क ट्रिब्यून या वर्तमानपत्रानं झोड उठवली की हा परदेशी पैसा आहे, कारण बेलमाँट १८५० पर्यंत न्यूयॉर्कमध्ये ऑस्ट्रियाचा कॉन्सल जनरल होता. (हंगेरीतला उठाव ऑस्ट्रियानं ज्या क्रूरपणे चिरडला त्याच्या निषेधात त्यानं ते पद सोडलं होतं, हे मात्र ट्रिब्यूनला सांगावंसं वाटलं नाही.) ग्रीलीचं नाव लक्षात ठेवा, शेवटी परत लागणारय. पीअर्स निवडून आला आणि बक्षीस म्हणून बेलमाँटला हॉलंडमध्ये, हेगला, अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून पाठवलं, १८५३ ते ५७. पैसे द्या आणि वकिलात घ्या, हा व्यवहार तेव्हा उघड चालायचा. तिथं काम त्यानं चांगलं केलं, डचांच्या पूर्वेकडच्या वसाहतींत अमेरिकन कॉन्सल बसवण्याचा करार १८५५ मध्ये करून घेतला. पण क्यूबाबद्दलची त्याची आयडिया मला अजिबात पटत नाही, स्पेन कर्जात बुडालेला आहे तर युरोपातल्या सावकारांकरवी दबाव आणून क्यूबा अमेरिकेला विकायला लावू, असं त्याचं म्हणणं होतं. क्यूबा म्हणजे गुलामांच्या राबणुकीवर चालणारं साखरेचं बेट, आणि ते दक्षिणेतल्या गुलामांच्या मालकांना हवं होतं हे उघड आहे.

पुढे ब्युकॅनन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बेलमाँटला माद्रिदची वकिलात हवी होती, ती मिळाली नाही, बिनसलं, आणि तो इलिनॉयचा सिनेटर स्टीफन डग्लस याच्या गटात आला. एप्रिल १८६० मध्ये चार्ल्स्टनला अधिवेशन भरलं, दक्षिणेचे लोक उठून गेले, उमेदवारीला दोनतृतीयांश मतं लागायची, ५७ वेळा मतदान होऊनही निकाल लागेना. जूनमध्ये बाल्टिमोरला परत जमले तर पार्टी सरळ दुभंगली, उत्तरेचा उमेदवार डग्लस, दक्षिणेचा ब्रेकिनरिज. त्या दुभंगलेल्या पार्टीच्या उत्तरेकडच्या अर्ध्याचं चेअरमनपद बेलमाँटच्या गळ्यात पडलं. त्यानं स्वतः पैसे घातले, मतदारसंघांकडून वर्गणी मागितली, जवळजवळ काहीच आलं नाही. न्यूयॉर्कचे व्यापारी हात आखडून बसले, कारण त्यांची गिऱ्हाइकं दक्षिणेत आणि डग्लसला मदत केली तर ती तुटायची भीती. डग्लसला मतं पडली साधारण २९ टक्के, म्हणजे रिपब्लिकन लिंकनच्या खालोखाल, पण इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्याराज्यातून निवडलेल्या इलेक्टर्सची मतं, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो, ती फक्त १२.

गुलामगिरीच्या प्रश्नावर हा माणूस कुठल्या बाजूला होता? सरळ उत्तर द्या. (वाचक, पुणे)

सरळ उत्तर, देश फुटू नये या बाजूला होता, गुलामांच्या बाजूला नव्हता.

१८६०-६१ च्या हिवाळ्यात दक्षिणेला सवलती देऊन कसंही करून फूट टाळा, अशा तडजोडीसाठी तो धडपडला. युद्ध पेटल्यावर मात्र पूर्णपणे सरकारच्या बाजूनं उभा राहिला, जर्मनांची रेजिमेंट उभी करायला मदत केली, लिंकनच्या मंत्र्यांना युरोपातल्या बातम्या आणि सल्ले पाठवत राहिला. पण गुलामांच्या मुक्तीला त्याचा पाठिंबा नव्हता. चांगल्या कामात त्याची एवढी हुशारी आणि एवढा पैसा लागू शकला असता, आणि तो लागला नाही, याचं मला वाईट वाटतं.

१८६४ ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण ती पाहिली की पैसा किती हतबल असतो ते कळतं. डेमोक्रॅट्सचं अधिवेशन ४ जुलैला ठरलं होतं. युद्ध रेंगाळलेलं, रोज मेलेल्यांच्या याद्या येतायत, लोक कंटाळलेत, तेव्हा बेलमाँटच्या कमिटीनं विचार केला की अजून थांबू, लिंकन अजून बदनाम होईल, आणि अधिवेशन २९ ऑगस्टवर ढकललं. शिकागोत ते सुरू करताना त्यानं भाषण केलं ते चार वर्षांच्या गैरकारभारानं देश विनाशाच्या कडेला आलाय असं. उमेदवार ठरला जनरल जॉर्ज मॅक्लेलन, म्हणजे लढवय्या, आणि जाहीरनामा लिहिला क्लेमेंट व्हॅलँडिगहॅमच्या शांतीवाल्या गटानं, की युद्ध फसलंय, ते थांबवा. उमेदवार एका तोंडानं बोलणार आणि जाहीरनामा दुसऱ्या. उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉर्ज पेंडलटन, तोही शांतीवाला. ३१ ऑगस्टला अधिवेशन संपलं आणि २ सप्टेंबरला उत्तरेचा जनरल शर्मननं दक्षिणेचं अटलांटा शहर घेतलं! दोन दिवस. युद्ध फसलंय म्हणणारा जाहीरनामा छापून कोरडा व्हायच्या आत खोटा पडला. बेलमाँटनं मॅक्लेलनला घाईघाईनं लिहिलं की देशाची एकजूट आधी हे स्पष्ट सांगा, मॅक्लेलननं उमेदवारी स्वीकारायच्या पत्रात जाहीरनाम्याचं ते कलम जवळजवळ झटकून टाकलं, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. इलेक्टोरल मतं लिंकन २१२, मॅक्लेलन २१. अधिवेशन जुलैत झालं असतं तरी जिंकले असते असं मी म्हणत नाही, पण निदान अटलांटाच्या तोंडावर असला जाहीरनामा तरी निघाला नसता.

आणि १८६८ चा प्रचार तर सांगायलाही लाज वाटावी असा होता, हा गोऱ्यांचा देश आहे, गोऱ्यांनाच राज्य करू द्या, अशा घोषणा देत केलेला. चेअरमन बेलमाँटच होता. त्या घोषणा त्यानं लिहिल्या नाहीत, पण त्या प्रचाराच्या पैशाची व्यवस्था त्याच्याच कमिटीकडे होती, त्यामुळे ती जबाबदारी त्याची आहेच.

आमच्याकडे जुने लोक अमेरिकेच्या लढाईतल्या कापसाच्या तेजीच्या गोष्टी सांगायचे. त्याचा या माणसाशी काही संबंध येतो का? (कापूस उत्पादक, यवतमाळ)

येतो, सरळ नाही पण येतो. बेलमाँट जुलै १८६१ मध्ये लंडनला पंतप्रधान पामर्स्टनला भेटला, आणि त्या भेटीचा वृत्तांत त्यानं अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सेवर्डला पाठवला. पामर्स्टन त्याला म्हणाला होता की गुलामगिरी आम्हाला आवडत नाही, पण आम्हाला कापूस हवाय, आणि तुमचा तो मॉरिल टॅरिफ, म्हणजे नवी आयात जकात, आम्हाला अजिबात आवडलेला नाही. एवढ्या एका वाक्यात इंग्लंडचं सगळं धोरण आलं. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा, उत्तरेच्या नौदलानं ती बंदरं अडवली, आणि दक्षिणेचा हिशोब होता की कापसावाचून इंग्लंड गुडघे टेकेल आणि आपल्याला मान्यता देईल. बेलमाँट तेच होऊ नये म्हणून धडपडत होता.

इंग्लंडनं मान्यता दिली नाही, कापूस दुसरीकडून घेतला, आणि ते दुसरीकडून म्हणजे मुख्यतः आपल्याकडून. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात, भाव काही पटींनी वर, मुंबईत पैशाचा पूर. त्यातूनच प्रेमचंद रायचंदसारखे शेअर दलाल, समुद्र भरून जमीन काढणाऱ्या बॅकबे रेक्लमेशनचे शेअर, रोज नवी कंपनी, नवी बँक. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, अमेरिकन कापूस परत सुटणार हे कळल्यावर भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला सौद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा मुंबईत एकामागून एक लोक बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेसुद्धा. तुमच्याकडचे जुने लोक सांगायचे ती तेजी हीच. शेतकऱ्याच्या हातात त्यातलं किती राहिलं आणि सावकार-दलालांनी किती नेलं हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर एखाद्या अंकात नक्की लिहीन.

न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क रेसकोर्स याच्याच नावाचं का? आम्ही जवळच राहतो. (वाचक, न्यू जर्सी)

रेसकोर्स १९०५ चं, ते त्याच्या मुलानं, ऑगस्ट बेलमाँट ज्युनियरनं उभं केलं. न्यूयॉर्कच्या पहिल्या सबवेला पैसा लावणाराही हाच मुलगा. पण बेलमाँट स्टेक्स ही शर्यत बापाच्या नावाची, १८६७ पासूनची, आणि १८६९ ला ती त्याच्याच फेनियन नावाच्या घोड्यानं जिंकली. तुमच्या न्यू जर्सीचं अजून एक, १८६४ मध्ये मॅक्लेलनला जी तीनच राज्यं मिळाली त्यातलं एक तुमचं, आणि पुढे मॅक्लेलन तिथला गव्हर्नरही झाला.

एवढा पैसा घालून बेलमाँटला शेवटी मिळालं काय? आणि असा पैसा देण्यावर तेव्हा काहीच कायदा नव्हता का? (वकील, कोल्हापूर)

वकीलसाहेब, पहिल्या भागाचं उत्तर १८६८ मध्ये आहे. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉलच्या इमारतीत अधिवेशन, म्हणजे याच्याच शहरात, याच्याच अध्यक्षतेखालच्या कमिटीचं. त्याला उमेदवार हवा होता सरन्यायाधीश सॅल्मन चेस. आघाडीवर कोण, तर तोच पेंडलटन, आणि त्याचा मुद्दा असा की सरकारनं युद्धासाठी जे बाँड काढले त्यांची मुद्दल सोन्यात नको, कागदी ग्रीनबॅक नोटांत फेडा. बाँडवाल्या सावकारांना सोनं आणि मजुराला कागद, हे का, असा तो प्रश्न, आणि पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांना तो पटलेला होता. बेलमाँटचा तर सगळा धंदाच बाँडवर आणि सोन्यावर. तरी जाहीरनाम्यात तो मुद्दा आला. पेंडलटनला उमेदवारी मिळाली नाही, चेसलाही नाही, २२ व्या फेरीला होरेशिओ सेमूरच्या गळ्यात माळ पडली, जो अधिवेशनाचा अध्यक्ष होता आणि नको नको म्हणत होता. म्हणजे चेअरमनला पार्टीचा उमेदवारही ठरवता आला नाही आणि स्वतःच्या धंद्याच्या मुळावर येणारं कलमही थांबवता आलं नाही. ज्याला पार्टी विकत घेतली म्हणतात ती अशी असते का? निवडणूक रिपब्लिकन उमेदवार जनरल ग्रँटनं २१४ विरुद्ध ८० अशी जिंकली.

आणि १८७२. ग्रँटवर नाराज रिपब्लिकनांनी सिनसिनाटीला, कार्ल शुर्झच्या अध्यक्षतेखाली, वेगळा उमेदवार उभा केला तो होरेस ग्रीली. वीस वर्षं डेमोक्रॅट्सना आणि बेलमाँटला शिव्या घालणारा तो ग्रीली! डेमोक्रॅट्सकडे स्वतःचा माणूस नव्हता, त्यांनी बाल्टिमोरला काही तासांत त्यालाच आपला म्हणून घेतला. बेलमाँटनं ही प्रचंड घोडचूक आहे असं उघड बोलून दाखवलं, अधिवेशन सुरू करून दिलं आणि चेअरमनपद सोडलं. ग्रीली सपशेल हरला आणि २९ नोव्हेंबरला, इलेक्टर्सची मतं पडायच्याही आधी, वारला. बेलमाँट नंतर सिनेटर थॉमस बेयर्डला उमेदवारी मिळावी म्हणून तीन निवडणुका झटला, तेही जमलं नाही. २४ नोव्हेंबर १८९० ला न्यूयॉर्कला गेला.

तरीपण माझ्या मते त्याच्या खात्यावर एक गोष्ट जमा धरली पाहिजे. अर्धी पार्टी फुटून शत्रूच्या बाजूला गेलेली, उरलेल्यांवर देशद्रोहाचा शिक्का, चार वेळा हार, अशा काळात विरोधी पक्ष नावाची गोष्ट देशपातळीवर जिवंत राहिली, युद्ध चालू असताना निवडणूक झाली आणि तिला खरा विरोधक मिळाला, त्यात बेलमाँटच्या चिकाटीचा आणि खिशाचा वाटा मोठा आहे. त्या पक्षाची धोरणं मला पटत नाहीत, पण विरोधकच नसलेली निवडणूक त्याहून वाईट झाली असती.

कायद्याचं म्हणाल तर त्याच्या उमेदीत काहीही नव्हतं, कोणी किती दिले हे सांगायचंही बंधन नव्हतं. सरकारी नोकरांच्या पगारातून पार्टीसाठी वसुली करण्याला पहिला मोठा चाप बसला १८८३ च्या पेंडलटन कायद्यानं, आणि हो, हा तोच जॉर्ज पेंडलटन, तोवर सिनेटर झालेला. नोकरांचा पैसा आटल्यावर पार्ट्या कंपन्यांच्या दारात गेल्या, तेव्हा १९०७ च्या टिलमन कायद्यानं कंपन्यांना केंद्रीय निवडणुकांसाठी पैसे द्यायला बंदी घातली. राहिला प्रश्न हिशोब लोकांसमोर ठेवण्याचा. त्यासाठी देशभर जी चळवळ उभी राहिली तिचा अध्यक्ष होता पेरी बेलमाँट, ऑगस्टचा मोठा मुलगा, माजी काँग्रेसमन. बापाच्या काळात जे पाकिटात जायचं ते छापून यावं यासाठी तो बरीच वर्षं मागे लागला होता, आणि जून १९१० मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्टची त्या पब्लिसिटी कायद्यावर सही झाली. त्यात सुरुवातीला निवडणुकीनंतर हिशोब द्यायचा होता, लोकांनी मत दिल्यावर हिशोब बघून उपयोग काय अशी ओरड झाली, मग १९११ च्या दुरुस्तीनं तो मतदानाआधीही द्यावा लागायला लागला आणि सिनेटच्या उमेदवारांनाही लागू झाला.

टॅमनी हॉलवर आलेले दोन प्रश्न जागेअभावी पुढच्या अंकात घेतो.